अर्धं राहिलेलं गोंदण

कोहमारा,
९ जुलै २०२५

प्रिय मंजूताई,

स. न. वि. वि. विशेष म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत जाऊन मंजू फार शहाणी झाली, असं तुमचे बंधू म्हणतात. मी फक्त निरोप पोचवते आहे.

पत्र लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे. ह्यांना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मग आपल्या प्रेरणाच्या पोटात काय चाललं आहे ते धानाच्या रोवणीला आलेल्या बायांपासून दुधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. बायकांच्या गोष्टी पत्रातच बऱ्या.

प्रेरणा माहेरी आली आहे. सातवा लागला. तिच्या पाळीचा लहानपणापासूनचा त्रास आणि दाढ काढली तेव्हा न थांबलेलं रक्त लक्षात ठेवून तुम्ही जी तपासणी सांगितली होती, ती नागपूरला केली. सगळं नॉर्मल आलं! जावयांनी, म्हणजे ओमेशने, गोंदियाहून पेढे आणले. तुम्ही एकदा लिहून टाका की आता काळजी नाही, म्हणजे मला झोप लागेल.

आई बऱ्या आहेत. एवढ्या उकाड्यातही पूर्ण बाहीचं पोलकं सुटलं नाही. नर्सबाई बीपी बघायला आल्या, बाही वर करा म्हणाल्या, तर आई उठून सरळ गोठ्यात गेल्या. ह्यांनी नर्सबाईंना ती जुनी गोष्ट सांगितली, लहानपणी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गोंदून घेताना आई अर्ध्यावरच सुई पाहून पळाल्या आणि तेव्हापासून त्यांचं नाव भित्री पडलं. नर्सबाई पोट धरून हसल्या.

उत्तर लवकर पाठवा. लोभ आहेच, पत्रंही असू द्या.
तुमची,
रेणू


मुंबई,
१८ जुलै २०२५

प्रिय रेणूवहिनी,

सप्रेम नमस्कार. पेढे गोड लागले असतील, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं. तो नॉर्मल निकाल मला पुरेसा वाटत नाही.

साधं करून सांगते. जखम झाली की रक्तातले बारीक कण तिथे चिकटतात आणि रक्त थांबतं. त्यांना चिकटवून ठेवणारं एक द्रव्य असतं. काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या कमी असतं, मुलींत आणि मुलांतही. दादाची दाढ काढली तेव्हा उशी कशी भिजली होती, आठव. पण गरोदरपणात हे द्रव्य आपोआप वाढतं, म्हणून तपासणी चांगली येते. बाळंतपणानंतर ते उतरतं. बाई घरी जाते, सगळे निर्धास्त होतात, आणि रक्तस्राव तेव्हा सुरू होतो. आमचं संशोधन नेमकं याच बायकांवर चालू आहे, आणि त्या सापडणंच कठीण, कारण आपल्याकडच्या बायका हे दुखणं म्हणून सांगतच नाहीत. बाईच्या जातीला असायचंच, म्हणतात.

आईची धाकटी बहीण गोमतीमावशी बाळाची सहाव्या दिवसाची छठी होऊन गेल्यावर वारली. लवकर तलावावर धुणं घेऊन गेली म्हणून बाधा झाली, असं आपण ऐकत आलो. वहिनी, मला वाटतं तलावाचा काही दोष नव्हता.

प्रेरणाचं खरं कळायचं तर आई आणि दादा या दोघांचं रक्त तपासायला हवं. ऑगस्टमध्ये आमचं शिबिर नागपूरला आहे. नमुना लगेच गोठवावा लागतो, तेव्हा दोघांना तिथेच यावं लागेल. तू घाबरू नकोस. आधी कळलं तर हे सांभाळता येतं.

तुझी शहाणी नणंद,
मंजू


कोहमारा,
२७ जुलै २०२५

प्रिय मंजूताई,

स. न. वि. वि. हे यायला तयार आहेत. नागपूरला तर्री पोहे मिळणार असतील तर बाटलीभर रक्त घ्या म्हणतात. पण आई नाही म्हणाल्या.

मी समजावलं, ह्यांनी चेष्टा केली, प्रेरणाने पाय चेपत लाडीगोडी लावली. आई भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेवटी मला एकटीला म्हणाल्या की कागदावर येईल, कागद सासरी जाईल, आणि मग त्या पोरीला जन्मभर बोल लागेल की हिच्या घरचं रक्तच खराब. कायले उकरता, असं विचारून राहिल्या. ताई, सुईला भिणारं माणूस असं बोलत नाही. मला त्यात काही वेगळंच ऐकू आलं, पण काय ते कळलं नाही.

खरं सांगू? मला रागही आला. माझी लेक आहे ती. रात्रंदिवस तिच्या पोटाकडे बघते आणि गोमतीमावशींची छठी डोळ्यांपुढे येते, जी मी पाहिलेलीही नाही. तुम्ही आईंना स्वतंत्र पत्र लिहा. दार लोटून मी वाचून दाखवीन.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
रेणू


मुंबई,
४ ऑगस्ट २०२५

ति. आईस,

सा. न. आई, तुला खोटं सांगून नेणार नाही. आमच्या संशोधनाच्या कागदावर तुझं नाव नसेल, नुसता क्रमांक असेल. पण प्रेरणाच्या दवाखान्याच्या कागदावर हे लिहिलं जाईल, आणि लिहिलंच पाहिजे. नाहीतर गोंदियाचे डॉक्टर तिचा चांगला निकाल बघून तिला तिसऱ्या दिवशी घरी पाठवतील.

तुझं रक्त तपासून काय निघेल ते मला ठाऊक नाही. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. एवढंच सांगते, गोमतीमावशीच्या वेळी जे औषध नव्हतं ते आता आहे. फक्त ते आधीच आणून ठेवावं लागतं, आणि कोणासाठी आणायचं ते आधी माहीत असावं लागतं.

गुडघ्याला तेल लावत जा.
तुझी,
मंजू


मुंबई,
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय रेणूवहिनी,

सप्रेम नमस्कार. तू प्रेरणाजवळ थांबलीस, म्हणून नागपूरचं सगळं तुला सांगायचं राहिलं.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सुई टोचण्याआधी मी तिचा हात धरायला गेले, तर तिने मलाच बाजूला सारलं. स्वतः बाही वर केली. मी तिची मुलगी, पण ते गोंदण मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. मनगटापासून निघालेली वेल, चार पानं, आणि पाचव्याचा नुसता देठ. सुई आत गेली तेव्हा ती टक लावून बघत होती. पापणी हलली नाही. दादा मात्र पलीकडे डोळे मिटून बसला होता.

नंतर कापसाचा बोळा दाबून आम्ही बाकावर बसलो, बराच वेळ बसावं लागलं. तेव्हा ती बोलली. मंडईत ती पळाली नव्हतीच. पाचव्या पानाला रक्त वाहायला लागलं ते थांबेना. गोंदणारीच घाबरून उठली. आजीने, म्हणजे आईच्या आईने, तिचा हात पदराखाली घेतला, घरी आणलं आणि शेजारणींना सांगितलं की पोरगी सुई पाहून पळाली. भित्र्या पोरीचं लग्न होतं, रक्त न थांबणारीचं होत नाही, असं आजी तिला म्हणाली. आईने आयुष्यभर ते पाळलं. दादा ऐकत होता. त्या दिवशी पोहे त्याने मागितलेच नाहीत.

दोघांचंही ते द्रव्य कमी निघालं. प्रेरणालाही आहे असंच धरून चालायचं. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलले आहे. औषध आधीच मागवून ठेवतील, आणि बाळंतपणानंतर प्रेरणाला दवाखान्यातच ठेवून घेतील. घरचे कितीही म्हणाले तरी लवकर सोडवू नकोस.

धीर धर.
मंजू


कोहमारा,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय मंजूआत्या,

बढती मिळाली तुम्हाला, आत्याच्या आजी झालात! मुलगी झाल्याचं फोनवर कळलंच आहे. बाकीचं स्पीकरवर सांगण्यासारखं नव्हतं.

बाळंतपण सुखरूप झालं, आणि तिथेच खरी पंचाईत झाली. विहीणबाई, अनुसयाबाई, रोज हिंदीत विचारायच्या की चांगली हिंडतीफिरती पोर बिछान्यावर कशाला ठेवली. गोंदियातले नातेवाईक हसतात म्हणाल्या. ओमेशही डळमळला. मीसुद्धा एका सकाळी पिशवी भरायला घेतली होती. आईंनी ती माझ्या हातातून काढून पलंगाखाली सरकवली.

छठी दवाखान्यातच झाली, दिवा न लावता. आणि त्याच दुपारी रक्त सुरू झालं. ताई, मी अंगणवाडीत इतकी वर्षं बाळंतिणी बघितल्या, असं बघितलं नव्हतं. पण औषध तिथेच होतं. डॉक्टरीणबाई धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, ठरल्याप्रमाणे एकेक करत गेल्या. दिवस मावळायच्या आत थांबलं. घरी असतो तर कोहमाऱ्याच्या नाक्यावर गाडीच शोधत बसलो असतो.

मग विहीणबाईंनी विचारलं, हे आलं कुठून. आईंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात त्यांच्यापुढे धरला. इथून आलं, म्हणाल्या. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता मोडलं. अनुसयाबाईंनी त्या देठावरून बोट फिरवलं आणि विचारलं की इतकी वर्षं हे एकटीने कसं झाकलं. मग उठून त्यांनी आईंसाठी चहा आणला.

प्रेरणा घरी आली आहे. झोपली आहे. मीही आज झोपेन.

आईंनी सोबत पत्र दिलं आहे. एक शब्द बदलायचा नाही, अशी ताकीद आहे.
तुमची,
रेणू


चि. मंजूले,

आईचा आशीर्वाद. मी सांगून राहिली, रेनू लिहून राहिली. पोट्टी मस्त हाये. नाक तुह्यावर गेलं, म्हनून जरा चपटं.

तुहा दादा योगराज आता मले भित्री म्हनत नाई. काल म्हनाले गेला अन् मंधातच थांबला. मी म्हनलं, म्हन बापा, सवय झाली हाये. तर येडा रडाले लागला.

माह्या मायची लय आठवन येऊन राहिली. तिनं खोटं सांगतलं, पन तिच्याजवर दुसरं औषध नोतं. गोमतीसाठी तर तेही नोतं.

ह्या लायन्या पोट्टीचं रक्त कवा तपासाचं ते तू सांग. काय निघन ते निघो. पन तिच्यासाठी कोनी खोटं सांगाचं नाई, एवढं मी घरात बजावून ठेवलं.

दिवारीले येशील तवा मले एक पोलकं शिवून आनजो. माप जुनंच हाये. बाही मात्र अर्धी ठेवजो. मंडईले घालाचं हाये.

तुही माय,
पुष्पाबाई