पपांच्या नावाखालची ओळ

प्रिय मार्थाआत्या,

उद्या तुला जाऊन महिना होतो; चर्चमध्ये तुझ्या महिन्याची मिस्सा आहे. कबरीवरच्या दगडावर बाप्तिस्म्याची तारीख हवी, असं तू पपांना सांगून ठेवलं होतंस. परवा ते मला म्हणाले, "कोणती लिहायची गं? गेल्या वर्षीची?" काल सकाळची एसटी धरून उरणच्या चर्चमध्ये गेले आणि बाप्तिस्म्यांची जुनी वही पुन्हा मागितली.

आत्या, तुझी नोंद सापडली.

नव्या शहरात गेलेल्या आपल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी गेल्या वर्षी प्रत्येक वारसाला जन्माचा पुरावा हवा होता. तू शाळेत गेलेली नाहीस, म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आणायला मी गेले. मी कॉलेजात शिकणारी, मला किती घाई! वहीत तुझं जन्मसाल पाहिलं, पुढचंही पाहिलं. मग पपांची नोंद आली. ते तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, तेव्हा त्यांच्या पुढे तू कशी असशील? मी वही मिटली.

वाशीच्या फ्लॅटमध्ये तू बोंबील साफ करत बसली होतीस. "आत्या, तुझी नोंदच नाही," मी दारातूनच म्हटलं.

"नसंल कशी? जल्मले तवा निली पडलेली मी. चांगुना सुईनीनं कपालावर पानी घातलं, म्हनून हाय."

"चांगुणा हिंदू. तिनं घातलेलं पाणी चर्च कशाला लिहील?"

तू पुढचा बोंबील उचललास. तेव्हाच मी गप्प बसले असते तर?

प्रतिज्ञापत्रावर जमिनीचं काम झालं. पण त्या रविवारी मिस्सेत तू कम्युनियनची भाकर घ्यायला उठली नाहीस. पुढच्या रविवारीही नाही. मी विचारलं तर म्हणालीस, "बाप्तिस्माच नाय, तर मी कोन गं?" इतकी वर्षं घेतलेलं सगळं खोटं ठरलं का, असं तू फादरना विचारत राहिलीस. शेवटी त्यांनी तुला पुन्हा बाप्तिस्मा दिला. साठीची बाई, डोक्यावरचा पदर मागे घेऊन वाकलेली. "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर," असं म्हणून त्यांनी पाणी ओतलं. त्या "नसेल तर"ला तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

काल उरणला चर्चच्या वह्या सांभाळणारे म्हातारे मास्तर शेजारी बसले. म्हणाले, "जीव जात असेल तर कुणीही पाणी घातलेलं चर्च मानतं. असं पोर पुढं देवळात आणलं की उरलेला विधी व्हायचा. नोंद त्या दिवशीची. जन्मसाल धरून शोधशील तर कशी मिळेल?"

आजोबा तेव्हा दूरच्या मिठागरावर राहायचे, चर्चला येणं क्वचितच व्हायचं, हे तूच सांगायचीस. पपांना बाप्तिस्म्याला आणलं, त्याच दिवशी तुलाही आणलं होतं. तुझं नाव पपांच्या नावाच्या अगदी खाली आहे. मास्तरांनी लॅटिनचा अर्थ लावून दिला: मार्था, वय दोन वर्षे, जन्मल्या दिवशी जीव जाईल या भीतीने घरीच पाणी घातले, सुईण चांगुणा हिने.

तिचं नाव लिहिलंय, आत्या. तेव्हाच्या फादरनी लिहिलंय.

शाळेआधी तूच मला अक्षरं शिकवलीस ना? वाचायला तू स्वतः मोठेपणी शिकलीस, म्हणून ओळीखाली बोट धरायला लावायचीस. "दोनदा वाच, मंग बोल." त्या दिवशी बोट एक ओळ खाली सरकलं असतं, तर तुझं शेवटचं वर्ष असं गेलं नसतं. मला माफ कर, असं लिहितानाही वाटतं, हे मी माझ्याच समाधानासाठी मागतेय का?

दगडावर जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख एकच येईल. चांगुणाने पाणी घातलं तीच. वाशीच्या फादरना गेल्या वर्षीच्या नोंदीशेजारी ही नोंद लिहायला सांगेन. आणि उद्या मिस्सेनंतर सगळ्यांसमोर सांगेन की चूक माझी होती. मग मास्तरांनी दिलेली नक्कल उघडून, ओळीखाली बोट धरून तुझी नोंद वाचेन.

दोनदा वाचेन.

तुझी,
लीना