पुलावरून जाणार नाही

३ मे
यंदा स्काय बेट. ठरलं म्हणजे ठरलं. स्कॉटलंडमधले तीन हजार फुटांवरचे सगळे डोंगर मी पायाखाली घातले, त्या बेटावरचा एक सुळका तेवढा उरलाय. कैक वर्षं उरलाय. कारण खराब हवा. तिथे दोर लावून चढावं लागतं, याचा काहीएक संबंध नाही.

९ मे
मेहुणा हेक्टर टपकला. न बोलावता. म्हणे ग्लासगोत चढाईची भिंत आहे, दर बुधवारी दोराचा सराव करू. मला शिकवतो! माझी बिस्किटं संपवून वर शहाणपण. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. सांगता सांगता खरंच दुखायला लागला, म्हणजे खोटं बोललो नाही.

२१ मे
बायको, सेंगा, हल्ली बुधवारी भावाकडे जाते, आईला भेटायला. येते ती हात खरचटून. म्हातारीचं मांजर द्वाड आहे. मी कधीपासून सांगतोय, पण या घरात माझं ऐकतं कोण?

२२ मे
पुलावरून भांडण. सेंगा म्हणाली, सरळ स्कायच्या पुलावरून गाडीने जाऊ. पूल! तिथे टोल घ्यायचे तेव्हा मी नाक्यावर गाडी आडवी घालून शपथ घेतली होती की या पुलावर पुन्हा चाक ठेवणार नाही. (सेंगाने खिडकीतून गुपचूप पैसे दिले, ते मी धरत नाही.)
"आर्ची, टोल बंद झाला तेव्हा तुला केस होते," म्हणाली.
प्रश्न टोलचा नाही, तत्त्वाचा आहे. बेटावर माणसाने बोटीने जावं.

३० मे
शेवटच्या डोंगराला मित्रमंडळी सोबत येतात आणि माथ्यावर बाटली उघडतात, अशी रीत आहे. माझी व्हिस्की कपाटात मोज्यांच्या मागे आहे. सगळ्यांना कळवलं. भाषणही लिहिलं. त्यात सेंगाचा उल्लेख आहे: 'प्रत्येक माथ्यावर माझ्यामागून गरम सूप आलं.' तिला वाचून दाखवलं. वाटलं, डोळे पुसेल. भांडी घासायला निघून गेली. संताप आला.
दोराच्या गाठी उद्यापासून.

५ जून
शनिवारी आभाळ स्वच्छ राहणार म्हणे. आता बरी स्वच्छ झाली हवा! सेंगा हेक्टरच्या गाडीतून जाणार, पुलावरून, आणि बाटलीही तिच्याकडेच. घरभेदी आहेत सगळे. मी एकटा, गाडीसकट बोटीने. बजावून ठेवलंय, मी येईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही.
गाठी राहिल्या.

७ जून, सकाळ
धक्क्यावर. बोट भरलेली. बुकिंग आहे का, विचारतात. स्वतःच्या देशात बुकिंग! वडिलांच्या काळी रांग लावायची आणि चढायचं. पुढे सगळ्या परदेशी घरगाड्या, एकीत तर कुत्रा सोफ्यावर बसलाय. तिकिटं तपासणाऱ्या पोरीला चार शब्द सुनावले. ती म्हणाली, "आजोबा, गाडी ठेवा इथेच आणि पायी चढा की. पायी माणसाला जागा आहे." आजोबा! आणि पलीकडे उतरून काय चालत फिरू? मी काय भटक्या आहे?

दुपार
दुसरी बोटही भरलेली. आकाशात एक ढग नाही. ढगांवर माझा भरवसा होता.

संध्याकाळ
सेंगाचा फोन. मागे हसण्याखिदळण्याचा आवाज. सुळका चढून आली. दोर लावून. हेक्टर म्हणे नुसता खाली उभा होता, तिला सगळं येत होतं. बुधवारांचा आत्ता उलगडा झाला. मांजराची क्षमा.
मी ओरडलो, शेवटचा डोंगर माझा होता.
ती म्हणाली, "तू चढलास त्या प्रत्येक डोंगरावर मी होते, आर्ची. मग शेवटचा माझाही उरला होता ना?"
मी डोळे पुसले. रागाने. रागानेच.
मग विचारलं, बाटली?
"उघडली. तुझ्यापुरता घोट ठेवलाय. पुलावरून ये, देते."

८ जून
सकाळी निघालो. वाटेत गाडी थांबवून भाषणातली सुपाची ओळ खोडली. तिथे काय लिहावं, ते सुचलं नाही.
पूल ओलांडला. दोन मिनिटांत संपला. कुणी बघितलंही नाही.