ठपका

बडेबाबू, कचेरीचा कारभार इंग्रजीतून मराठीत आला तेव्हा मी नवी टायपिस्ट होते आणि तुम्ही आमचे हेडक्लार्क. इंग्रजी मसुद्यांसाठी मराठी शब्द शोधायचं काम साहेबांनी तुमच्यावर टाकलं होतं. 'सेन्शर'पाशी तुम्ही दोन दिवस अडलात. 'दोषारोप' जड वाटला, 'आळ' तर खोटाच असतो, आणि 'बोल' घरातली माणसं लावतात. शेवटी म्हणालात, "ठपका लिही वं पोरी. ओल्या मातीवर हात मारला का ठप् आवाज होते ना, तिथूनच आला असंल. हात उचलला तरी वण राहते. पण हा माहा अंदाज आहे, पक्कं नाही." माहीत नाही असं सांगायला तुम्हांला कधी लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी कामठीच्या एका विधवेची पेन्शनची फाइल हरवली. ती मी रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली होती. गठ्ठे गेल्यावर मला ते आठवलं, आणि मी गप्प बसले. साहेबांनी आपल्या दोघांना आत बोलावलं. माझी नोकरी पक्की व्हायला महिना होता. मी म्हटलं, "फाइल बडेबाबूंकडे दिली होती, साहेब." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग नव्हता, तुम्ही आठवून पाहत होता. "दिली असंल," म्हणालात, "मले आठवून नाही राहिलं." 'आपणावर ठपका ठेवण्यात येत आहे' हे पत्र मीच टाइप केलं. तुम्ही माझी एक वेलांटी सुधारलीत आणि विचारलंत, "ठेवणारा कोण, ते या वाक्यात दिसतच नाही. काहून वं?" मी म्हटलं, "सरकारी भाषा अशीच असते." तुम्ही सही केलीत. रविवारी सायकल काढून त्या बाईच्या घरी नवे फॉर्म भरायला गेलात. बढती गेली ती गेलीच. त्यानंतर कुठलाही कागद हातात आला की तुम्ही दोनदा विचारायचात, "हे तू मले आत्ता देऊन राहिली ना?" मी हो म्हणायचे आणि पुन्हा टाइप करायला लागायचे.

परवा सीताबर्डीवर तुमची मुलगी भेटली. म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत विचारत, ती फाइल म्या कुठं ठेवली असंल?" मी म्हटलं, "वय झालं की होतं असं." फाइल हरवली तेव्हा तुम्ही पंचेचाळिशीचेही नव्हता. तिनं पत्ता लिहून दिला आहे. हे पत्र तिला तरी पाठवता येईल. मी पाकीटही आणलेलं नाही.