ओळखीचा आवाज

प्रिय ब्लांका,

तुझ्या आईचा आवाज शेवटी मला केवढ्याला पडला ते आधी सांगतो. डुकराची एक अख्खी मागची तंगडी, घरी गाळलेल्या प्लमच्या दारूच्या दोन बाटल्या, रेडिओ केंद्रातल्या जुन्या तंत्रज्ञाच्या, ह्लादीकच्या, गाडीला नवे हिवाळी टायर, आणि वर ह्लादीकनं जेवणापासून अंधार पडेपर्यंत केलेलं स्वतःचं कौतुक. ही शेवटची बाब सगळ्यात महाग. पैशाला मात्र तो शिवला नाही. "वोय्तेख, असल्या गोष्टीचे पैसे घेतात होय?" म्हणाला, आणि टायर नवेच आहेत ना, ते वाकून पाहिलं.

नाताळात तू लिहिलं होतंस, की सिग्ने विचारते, आजी रेडिओत होती तर तिची गोष्ट लावा ना. पाच वर्षांच्या नातीला काय उत्तर द्यायचं? मी शोधायला लागलो. आधी आपल्या गावच्या रेडिओ केंद्रात गेलो. तिथली पोरगी भली होती. तिनं संगणक पाहिला, कपाटं पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, या नावाची निवेदिका आमच्याकडे कधी नव्हतीच." रागावून काय करणार? ती जन्मली त्याच्या आधीच सगळं पुसून झालं होतं. फिती महाग, म्हणून त्याच फितींवर दुसरं भरलेलं. गोष्टींच्या फितींवर दूध-उत्पादनाचे अहवाल गेले, हे आईला कळलं होतं. तेव्हा ती एवढंच बोलली, "माझ्या राजकन्येवर गाई येऊन बसल्या."

त्या गोष्टी तुला आठवत असतील. आधी भरून ठेवलेली गोष्ट संध्याकाळी लागायची आणि आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेली असायची. तू एकदा त्या खोक्याकडे बघायचीस, एकदा तिच्याकडे. "आई, खरी तू कोणती?" "बटाटे सोलतेय ती," आई म्हणायची, "दुसरीला पगार मिळतो."

मग अडुसष्ट सालचा तो ऑगस्ट. परक्या फौजांचे रणगाडे आले तेव्हा तू सात वर्षांची. केंद्रावर त्यांचे सैनिक बसले, म्हणून आई आणि तिच्या दोन मैत्रिणी वीटभट्टीच्या कचेरीत लपून पाळीपाळीनं बोलत होत्या. तारा मीच ओढल्या होत्या. कुणी पकडलं जाऊ नये म्हणून नावं सांगायची नाहीत, असं ठरलेलं. त्या फौजांकडूनही आणखी एक रेडिओ सुरू झालेला, आपल्याच केंद्राच्या नावानं, मोडक्यातोडक्या चेक भाषेत 'आम्ही भाऊ मदतीला आलोय' असं सांगणारा. म्हणून या तिघी पाळी संपली की एकच वाक्य म्हणायच्या: "फक्त ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवा." गावाला नाव लागतच नव्हतं. बेकरीवाला तुझ्या आईचं नाव घेऊन सांगायचा, सकाळची द्राहोमीरा होती, म्हणजे खरं आहे.

पुढच्या वर्षी केंद्रातल्या पक्षाच्या समितीनं तिला बोलावलं. एका कागदावर सही करायची, की जे आले ते मित्र होते. बाकीच्यांनी केल्या, मी कुणाला नावं ठेवत नाही, प्रत्येकाच्या घरी पोरं होती. आई म्हणाली, "मी निवेदिका आहे, साहेब. लिहून द्याल ते वाचते. पण हे त्या आठवड्यात वाचलं त्याच्या उलटं आहे, आणि लोक माझा आवाज ओळखतात." त्यावर अध्यक्ष म्हणाला, "ओळखणार नाहीत. त्याची व्यवस्था होईल." चांगली व्यवस्था झाली.

केंद्रातून काढल्यावर दुग्धशाळेत बाटल्या धुण्याच्या खोलीत तिनं काढलेली पंधरा वर्षं तू पाहिलीस. वाफ आणि काचेचा खणखणाट. ओरडल्याशिवाय शेजारणीला ऐकू जायचं नाही. घसा तिथेच गेला. रात्रपाळी करून ती सकाळी आडवी व्हायची आणि आपल्या खिडकीसमोरच्या खांबावरचा भोंगा सुरू व्हायचा: बँडबाजा, मग कोणत्या कारखान्यानं किती टक्के जास्त उत्पादन केलं ते. गावचे भोंगे दुरुस्त करणं हे माझंच काम, त्यामुळे तो एक भोंगा कायम बिघडलेला. शेजारचा कोलार्झ ओरडायचा, "वोय्तेख, तुझ्या खांबाला दर महिन्याला सर्दी कशी रे होते?" मी म्हणायचो, "नाजूक आहे बिचारा. बातम्या सोसत नाहीत."

माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. परदेशी स्टेशनांवर सरकार घरघर सोडायचं, त्या घरघरीतून मी सांगायचो की आज निवेदकाला पडसं झालंय. पुढे राजवट बदलल्यावर टेलिव्हिजन दुरुस्तीची दोन दुकानं मी या कानांवर उभी केली. गिऱ्हाईक यंत्र घेऊन दारात येतं तोवर बिघाड कळलेला असतो. म्हणून ह्लादीक जेव्हा म्हणाला, की पुसायचा हुकूम त्यालाच होता, पण वीटभट्टीची एक फीत त्यानं बँडबाजाच्या डब्यात घालून ठेवली, फक्त तिच्यावर नावबिव काही नाही, तेव्हा मी हसलो. "नाव कशाला हवं? हजार बायकांत उभी कर, डोळे बांधून माझी बायको ओळखतो," म्हणालो.

तू स्वीडनला निघून गेलीस त्यानंतर घर फार शांत झालं. भिंतींना कान, फोनला तर हमखास, म्हणून तुझ्याशी ती फोनवर फक्त हवेबद्दल बोलायची. बर्फ पडलं, बर्फ वितळलं. माझ्याशी बोलायची ते नळ सोडून, कुजबुजत. शेवटच्या आजारातही तसंच. "ब्लांकाला येऊ देतील का?" हेसुद्धा कुजबुजून. दिलं नाही, ते तुला ठाऊकच आहे. देशात सगळं बदलायच्या तीन वर्षं आधी ती गेली. आता नळ न सोडता बोलता येतं. बोलायला कोणी नाही.

फीत मी दुकान बंद करून एकटाच ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग डॉक्टरकडे गेलो. त्यानं कान तपासले आणि म्हणाला, या वयाला इतके शाबूत कान मी पाहिले नाहीत. त्या दोन मैत्रिणींपैकी एक कॅनडात वारली, दुसरीचा पत्ता नाही. सोबत कॅसेट पाठवतोय. सिग्नेला लगेच ऐकवू नकोस. आधी तू ऐक, बटाटे सोलताना ऐक, आणि मला कळव. कारण बेटा, माझ्या कानात तिची कुजबुज तेवढी उरली आहे, आणि या फितीवर कोणी कुजबुजत नाही. तिन्ही बायका मोकळ्या, तरुण आवाजात सांगतात, की फक्त ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवा. त्यांतली तुझी आई कोणती, ते मला ओळखता आलं नाही.

तुझाच,
बाबा