नवनाथचं वजन

११ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाई एकदाचे नाशकात! टेम्पोतून सामान उतरवताना मिक्सरचं भांडं आणि माझी कंबर दोन्ही जायबंदी झाली, पण मूड झकास आहे. सातपूरला कॉलनीत पहिल्या मजल्यावर खोली मिळालीय. सकाळी कंपन्यांच्या बस खिडकीखालून हॉर्न मारत जातात आणि आमच्या साक्षीला त्याचंच कौतुक. दिवाळीची सुट्टी संपली की तिची पहिलीची शाळा सुरू. शाळा आमच्या शेडच्या समोरच्याच गल्लीत आहे, त्यामुळे सोडायची-आणायची कटकट नाही.

शेड म्हणजे सावळीरामभाऊंची. साठी ओलांडलेला गडी, डोक्यावर टोपी, शर्टाला कायम ऑइल. ह्यांचा नाद एकच. महायुद्धातल्या चिलखती गाड्या शोधायच्या, भंगारातून उचलायच्या आणि होत्या तशा करायच्या. जगात मोजक्याच उरल्यात म्हणे. आमचा नवनाथ नगरला गेटं नि ग्रिल ठोकून ठोकून वैतागला होता. त्याला अशा गाडीचा फोटो दाखवला तरी जेवण विसरायचा. आता तेच काम. आणि मला सीट शिवायचं, कॅनव्हास, गादी, पट्टे सगळं. नवरा-बायको एका शेडमध्ये म्हणजे भांडायला घरी जायची गरज नाही.

नवनाथ आज झोपेतसुद्धा हसत होता. लग्नानंतर इतका खूश मी त्याला पहिल्यांदाच बघतेय. देवा, दृष्ट नको लागू देऊस.

१७ नोव्हेंबर, रविवार

देवळ्याच्या पुढं जाऊन गाडी बघितली. कांद्याची लागवड चाललीय, बाया ओळीनं वाकलेल्या, आणि विहिरीच्या काठावर ही बया निम्मी मातीत रुतलेली. जाड पत्रा, पुढं ड्रायव्हरला बघायला एक फट, मागं एकच दार. युद्ध संपल्यावर मिलिटरीच्या लिलावात कुणी घेतली आणि तिची केली इंजिनखोली! आत पंपाचं इंजिन ठेवायचे. सीट म्हणाल तर ड्रायव्हरचा एक लोखंडी सांगाडा तेवढा शाबूत, बाकीच्या कधीच गळून गेल्या होत्या. दार मात्र उघडं, आणि ते लागू नये म्हणून दगडी पाट्याचा तुकडा अडकवलेला.

मालकीण नवसाबाई, ऐंशीच्या पुढची, तोंडात मिश्री. गाडी न्या म्हणाली, फुकट न्या, पण दार कधी पुरतं लावू नका. का, तर मझार मानूस शे, म्हणजे आत माणूस आहे. तिचा सासरा असताना झिपरू म्हणून इंजिनवाला होता. गारपिटीत तो आत बसला आणि दार ओढून घेतलं. गारा थांबल्यावर बाहेर आला तो झिपरू नव्हताच, म्हणाली. आधीचा बसलेला उठून आला आणि झिपरू राहिला त्याच्या जागी. मी हळूच विचारलं, मग झिपरू भाडं देतो का? म्हातारी हसली नाही. माझा हात धरून पुन्हा तेच, दार लावू नका. भाऊंनी हो हो केलं आणि आमच्याकडे बघून डोळा मारला.

८ जानेवारी, बुधवार

कामाच्या रगाड्यात लिहायला फुरसत नाही. गाडीचा गंज उतरला, पत्रे बदलले, इंजिन बसलं. जुन्या फोटोंवरून कळलं की आत तीन सीट होत्या. पुढं ड्रायव्हर, त्याच्या शेजारी एक, मागं एक. भाऊंचा हुकूम, होती तशी म्हणजे होती तशीच. मग काय, तिन्ही शिवल्या. आत काथ्या भरला, वर जाड कॅनव्हास. स्वतःची पाठ थोपटू नये, पण अशी शिलाई नाशकात दुसरं कुणी करून दाखवावी!

नवनाथचा जीव सगळा त्या मागच्या दारात. नव्या बिजागऱ्या स्वतः लेथवर करून घेतल्या. दार असं बसलं पाहिजे की फटीत कागद सरकता कामा नये, हेच पालुपद. मी म्हटलं, घरच्या बाथरूमची कडी आलो तेव्हापासून तुटकी आहे, तिचं काय? दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तर म्हणतो कसा, बाथरूम युद्धावर जात नाही. असं आहे ध्यान. त्याच्याशिवाय मला घर खायला उठेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दार बसलं! नवनाथ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला, आम्हाला म्हणाला लावा. भाऊंनी आणि मी दोघांनी दार लोटलं. मऊ आवाज झाला. कागद घालून पाहिला, जाईना. आम्ही टाळ्या पिटल्या.

मग दार उघडेना. आत अगदी शांत. मी पाना घेऊन ठोकायला धावले तेवढ्यात ते आपोआप उघडलं आणि नवनाथ बाहेर आला. चांगलं झालंय म्हणाला. एवढंच. एरवी शेडभर नाचला असता. दाराकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. उन्हात उभा राहिला, डोळे किलकिले करून, बराच वेळ. भाऊ म्हणाले, भारावलाय.

मला आत्ता म्हातारीची आठवण आली. वेडेपणा नुसता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवनाथचं काहीतरी बिनसलंय. भाजीत मीठ नव्हतं, मुकाट्यानं खाल्ली. हाच माणूस मीठ कमी पडलं तर भाषण देतो. चिडवलं तर नुसता बघतो. पंख्याचं बटण कुठलं ते विचारलं मला. आणि आमचा पलंग, ज्याची कुरकुर शेजारच्या विमलाबाईंना पाठ आहे, तो तीन दिवसांत एकदाही कुरकुरला नाही.

दमला असेल. मी उगाच कशाचा काय अर्थ काढतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी बागेत गेलो होतो. साक्षीनं हट्ट केला, पप्पांसोबत सीसॉ. ती एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला बसला.

साक्षी खालीच राहिली.

ती पाय झाडत हसत होती, पप्पा तुम्ही मला वर करा ना! तो वर, हवेत, तिच्याकडे बघत बसला होता. सहा वर्षांची पोर ती, काडी नुसती. मी त्याला उतर म्हटलं. उतरला. फळी जरासुद्धा हलली नाही.

घरी येऊन साक्षीला माझ्या कुशीत घेतलंय. तो दारात बसलाय. दार लावू देत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माझे अप्पा नगरच्या कांदा मार्केटला काट्यावर होते. भरलेला ट्रॅक्टर तोलायचा, मग रिकामा तोलायचा, मधला फरक म्हणजे माल. माणूस खोटं बोलतो, काटा नाही, म्हणायचे. लहानपणापासून हेच बघत आले, म्हणून मला दुसरं काही सुचलंच नाही.

शनिवारी ट्रेलर येणार आहे, गाडी दिल्लीच्या प्रदर्शनाला जाईल. त्यासाठी वजन करायचंच होतं. भाऊ, तो आणि मी, गाडी घेऊन मोठ्या काट्यावर गेलो. तो चालवत होता. आकडा आला. काटेवाला ओरडला, ड्रायव्हर खाली उतरा. तो उतरला.

आकडा तोच.

काटेवाल्याला वाटलं, अडकला. त्यानं भाऊंना वर चढायला सांगितलं. भाऊ चढले, आकडा वाढला. उतरले, कमी झाला. मग त्याला चढवलं, उतरवलं. काही नाही. मग गाडी बाजूला घेऊन रिकाम्या काट्यावर त्याला एकट्याला उभं केलं. शून्य.

गाडीचं वजन मात्र आमच्या हिशेबापेक्षा जास्त भरलं. किती जास्त, ते मी बघितलं. तेवढंच वजन नवनाथचं आहे. भाऊंच्या तोंडाचं पाणी पळालं.

माझा नवरा गाडीतच आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. शेड बंद. किल्ली घेऊन गेले. साक्षी विमलाबाईंकडे.

गाडीचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नाही. ड्रायव्हरची गादी मात्र दबलेली. मी भरलेला काथ्या, मला नाही कळणार? वर कुणी बसलं असेल तरच तशी दबते. हात लावला. हवा. पण गादी खाली, गरम.

मग त्या रिकाम्या सीटवरून आवाज आला. नवनाथचा. मंजू, दार उघड ना गं.

दार उघडंच होतं.

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. तो विचारत होता, साक्षी जेवली का.

भाऊ सकाळीच देवळ्याला जाऊन आले. नवसाबाई म्हणाली, पाळी बदलते तसं आहे. त्या जागी दुसरं कुणी बसून दार लावलं की आधीचा सुटतो, नाहीतर नाही. भाऊ फोनवर लहान पोरासारखे रडले. मला जमणार नाही म्हणाले, माफ कर ताई. आता त्यांचा फोन बंद आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साक्षीला घेऊन पळून जाऊ नगरला? कालच गेले असते. पण तो आत बसून विचारतो, जेवली का, जेवली का. कसं जाऊ?

आणि हा घरातला — आज तिची वेणी घालत होता. ती म्हणाली, पप्पांचा हात लागतच नाही.

परवा ट्रेलर येईल. मग गाडी कुठे आणि मी कुठे. उद्याच काय ते.

मी बसणार. नवनाथ सुटला की हा जाईल, असंच असणार. साक्षीला तिचा खरा बाप मिळेल. तो तिला सांभाळेल, माझ्यापेक्षा बरं सांभाळेल. मला भीती वाटते. खूप भीती वाटते. पण त्याला तिथे ठेवून माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साक्षीला शाळेत सोडलं. मुका घेतला तर म्हणाली, मम्मी, तुझे डोळे लाल.

शेडमध्ये कुणी नाही. हा मागोमाग आलाय, बाहेर उभा आहे.

ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेले. जमेना. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं, घसरत होते. नवनाथच ढकलत असणार, नको बसू म्हणून. मग शेजारच्या सीटवर बसले. जागा जवळचीच. तेवढ्यानं व्हायला हवं.

दार ओढते. वही सोबत असू दे —

*

दिसतोय. नवनाथ दिसतोय. इथे माझ्या शेजारी. हात धरला, गरम आहे, त्याचाच. तो ओरडतोय माझ्यावर, का आलीस, का आलीस. तो सुटलाच नाही.

म्हातारीच्या शेतात एकच सीट उरली होती. तिला एकाच माणसाचं माहीत. मी तीन शिवल्या.

माझ्या जागेवरून कुणीतरी उठून गेलं, युद्धापासून सीटची वाट बघत असलेलं कुणी असावं. अंगावरून गेलं. दार उघडलं, ते बाहेर पडलं. मी ओरडले, उठायला गेले. पाय उचलत नाहीत.

फटीतून दिसतं. बाहेर तो उभा आहे आणि त्याच्याशेजारी मी. माझा ड्रेस, माझी पर्स. ती उन्हाकडे बघतेय, डोळे किलकिले करून.

*

दोघं शाळेच्या गल्लीकडे गेले.

नवनाथ म्हणतो, गाडीत कुणी शिरलं तरच ऐकू जातं, बाहेर नाही. तरी आम्ही दोघं ओरडतोय.

मागची सीट रिकामी. गादी फुगलेली, नवी.

*

आले. साक्षी मधे, दोघांचे हात धरून. उड्या मारतेय. घरी काही झालंय असं सांगून शाळेतून मधेच आणली असेल — नाही, हसतेय. गाडी दाखवायची म्हणून आणलीय तिला.

नवनाथ फटीवर डोकं आपटतोय.

साक्षी. बाळा. ती मी नाही. आत नको येऊस. मम्मी इथे आहे — नाही, नाही, इथे नको — पळ, विमलाबाईंकडे पळ —

ती म्हणतेय आतून मम्मीचा वास येतो. पाय वर ठेवला. साक्षी, त्या सीटवर —