दर गुरुवारचे तीस शब्द

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकाच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी कानातलं यंत्र लावायला सुरुवात केली, की अजून खिशातच ठेवून ‘ऐकू येत नाही’ म्हणतात? मी बरा आहे. हे वाक्य लिहिलं की पत्र संपवावं असा आमच्या खात्याचा सल्ला असतो, पण कमी बोलायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतः कमी बोलावं असा नियम अजून निघालेला नाही.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर संरक्षण खात्याच्या संदेश विभागात मी व्याख्याता म्हणून लागलो, हे तुला माहीत आहेच. तू तेव्हा पोट धरून हसली होतीस. पण ताई, माझा या कामावर विश्वास आहे. आजचं युद्ध तोफेने सुरू होत नाही. ते कुणीतरी घरी पाठवलेल्या एका फोटोने सुरू होतं. फोटोत मुलगा हसत असतो आणि त्याच्या मागे डोंगराची रेघ असते. शत्रूला मुलाशी कर्तव्य नसतं, त्याला रेघ पुरते. म्हणून संदेश कुलूपबंद हवा, किल्ली रोज बदललेली हवी आणि वाचून झाला की तो पुसला गेला पाहिजे. हे मी टेबलावर मूठ आपटून सांगतो. दोन वर्षांत दोन टेबलं बदलली.

माझं हेच व्याख्यान आमच्या लेकीने नोकरीला लागताना पहिल्या रांगेत बसून ऐकलं, आणि दुर्दैव असं की तिला ते पटलं. आठ महिने ती कुठल्यातरी संदेश केंद्रावर आहे. कुठे, ते मला ठाऊक नाही (ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं). दर गुरुवारी खात्याच्या फोनवर तिचे तीस शब्द येतात. उघडल्यावर दोन मिनिटांत पुसले जातात. तिने तिसावा शब्द कधी ओलांडला नाही. ही तीच पोरगी, जी दात घासताना तोंडात फेस असूनही बोलायची आणि मी आंघोळीला गेलो तर दाराबाहेर उभी राहून शाळेतला अख्खा दिवस सांगायची. तेव्हा मी आतून ओरडायचो की जरा गप्प बस. आता ती बसली आहे.

मग मी गुन्हा केला. पुसलं जाण्याआधी तीस शब्द वहीत उतरवू लागलो. चौतीस गुरुवार. वही खात्याच्याच भांडारातली, तपकिरी पुठ्ठ्याची. माझ्या व्याख्यानांची वहीही तिथलीच, त्याच पुठ्ठ्याची. पुढचं तू ओळखलंच असशील. दोनशे प्रशिक्षणार्थींसमोर मी उभा राहिलो, वही उघडली आणि सवयीने पहिलं वाक्य सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ठोकलं. ते तिच्या जेवणाविषयी होतं. (काय जेवली, ते लिहीत नाही, ती माहिती आता देशाची मालमत्ता आहे.) दुसरं तिथल्या हवेविषयी. तिसरं माझ्या औषधाविषयी होतं, आणि तिथे मी वही मिटली. मुलांना वाटलं, हे उदाहरण आहे. त्यांनी टिपून घेतलं. ती दोनशे पानंही नंतर जप्त झाली.

सुरक्षा अधिकारी बाई पहिल्या रांगेत होत्या. माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी खोलीत बोलावलं, दार लावलं आणि एवढंच म्हणाल्या, “सर, हे तुम्हीच शिकवलंत मला.”

मी म्हटलं, “चांगलं शिकलीस.”

वहीचे तुकडे करायचं यंत्र कोपऱ्यात होतं. बाई म्हणाल्या, “यंत्र तापायला पाच मिनिटं लागतात,” आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. (ताई, ते यंत्र तापवावं लागत नाही. त्यावरही माझं एक व्याख्यान आहे.) पाच मिनिटांत मी चौतीस गुरुवार वाचले. मग पानं माझ्याच हाताने यंत्रात घातली.

शिक्षा नियमात लिहिलेलीच आहे. दोषी व्यक्तीने सुरक्षेवरचं व्याख्यान पुन्हा ऐकायचं. व्याख्याता खात्यात एकच. तेव्हा परवा सकाळी रिकाम्या सभागृहात, समोर एक खुर्ची आणि बाजूला हजेरी घेणारा कारकून ठेवून, मी स्वतःला चाळीस मिनिटं झोडपलं. कारकुनाने ‘व्याख्याता’ आणि ‘दोषी’ अशा दोन्ही रकान्यांत माझ्या सह्या घेतल्या. व्याख्यान उत्तम झालं. मला पटलं.

काल गुरुवार होता. मी काही लिहिलं नाही. दोन मिनिटं नुसता वाचत राहिलो. आज सकाळी मोजले तर सत्तावीस शब्द आठवतात. तीन गेले. कुठले, ते आठवत नाही, म्हणून त्यांचंच जास्त वाटतं.

कळावे, आणि इतरांना कळू नये, ही विनंती.

तुझा धाकटा

ता. क. प्रत्येकाला महिन्यातून एकदा एकाच नातेवाइकाशी दहा मिनिटं फोनवर बोलता येतं. अर्ज भरताना तिने माझं नाव लिहिलं होतं. मीच बाणेदारपणे खोडायला लावलं. म्हटलं, मी दहा मिनिटांत प्रस्तावनाही संपवत नाही, घरातलं कमी बोलणारं माणूस लिही. तिने तुझं लिहिलं. तिचा फोन येतो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस, याचं कौतुक आहे. रागही आहे.

ता. क. २. तिचा फोन येतो त्या दिवशी मला जेवायला बोलाव. कारण विचारू नकोस, दिवसही अगोदर सांगू नकोस. फोन वाजला की मी उठून बाहेर जिन्यावर बसेन. तू नेहमीसारखा स्पीकर लाव, भावोजींसाठी. मागच्या महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा आत तिचा फोन चालू होता, म्हणून मी जिन्यावरच बसून तपासलं आहे: दार लोटलेलं असलं की शब्द एकही कळत नाही, म्हणजे नियम मोडत नाही. आत कोणीतरी न थांबता बोलतंय, इतकंच कळतं.