दोन-दहाची बस

रविवार, १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही चौघे प्रकृतीने ठीक आहोत. थंडीमुळे आपला गुडघा पुन्हा धरला आहे असे कळले. डॉक्टरांना न दाखवता आपण त्यावर रॉकेल चोळत असाल, याविषयी मला शंका नाही. ते करू नये.

पत्र पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. लग्नाला नऊ वर्षे झाली. या काळात मी आपल्याला एकही पत्र लिहिलेले नाही, आणि फोनवरही "नमस्कार, देतो हिच्याकडे" यापलीकडे फारसा गेलेलो नाही. पण आज जे सांगायचे आहे ते क्रमाने मांडले नाही तर मी त्यातून निसटेन. म्हणून आधी वस्तुस्थिती.

गेल्या वर्षी ११ जानेवारीला आपण तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, या परक्या देशात आलात. तेव्हा थोरली साडेचार वर्षांची होती आणि धाकटा दीड वर्षाचा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साथीमुळे टाळेबंदी लागली, विमाने थांबली आणि आपले परतीचे तिकीट रद्द झाले. थोरलीची शाळा आणि धाकट्याचे पाळणाघर बंद झाले. वजने-मापे तपासण्याची माझी प्रयोगशाळाही बंद झाली आणि तिथले कागदोपत्री काम आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. ६ एप्रिलला रुग्णालयाने अतिदक्षता विभागातल्या सर्व परिचारिकांना घरी जाण्यास मनाई केली. आपली लेक दोन पिशव्या घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वसतिगृहात राहायला गेली. ती घरी परतली २ ऑगस्टला. आपण त्याआधीच, १९ जूनच्या विशेष विमानाने, निघून गेला होता.

या तारखा मी दोनदा पडताळल्या आहेत. यांत एक तारीख गाळलेली आहे, आणि ती नजरचुकीने गाळलेली नाही.

आपले-माझे पटले नाही, हे झाकण्यात अर्थ नाही. आपण शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावे तसे बोलता. चार वर्षांच्या मुलीच्या हाती आपण पेचकस दिलात. धाकट्याला पाळण्यात न निजवता स्वतःच्या पोटावर निजवलेत, आणि दोघेही घोरत असताना माझी वरिष्ठांशी बैठक चालू होती. मुलांना आपण नावे ठेवलीत. थोरली वाद घालते म्हणून 'वकीलीणबाई', आणि धाकटा 'फ्यूज'. "एवढंसं झालं की उडतो, जावईबापू, आणि मग सगळ्या घरात अंधार." मुलांवर असे शिक्के मारू नयेत, याविषयी झालेले संशोधन मी आपल्याला सविस्तर समजावून सांगितले. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, "बरं" म्हणालात, आणि मान वळवून हाक मारलीत, "ए फ्यूज, ये रे इकडं."

ती घरी नसताना मुलांची आबाळ होऊ नये म्हणून मी अर्ध्या-अर्ध्या तासाचे वेळापत्रक करून कपाटाच्या दारावर लावले होते. आपण चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलेत आणि विचारलेत, "यात रडायची वेळ कुठली? नाही म्हणजे, तेवढं उरकून घेतो."

मला तेव्हा हसू आले नाही. आता येते.

आणखी एक विनोद आपण आल्या दिवशीच केला होता. दुसरा चहा मागताना म्हणालात, "आमचा आजा लेकीच्या गावची वेस दिसली की घरून आणलेला तांब्या उघडायचा. तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. आणि मी बेशरम, दुसऱ्यांदा चहा मागतोय." आम्ही तिघेही हसलो होतो. तो विनोद माझ्या लक्षात राहिला. तो लक्षात राहायला नको होता.

गाळलेली तारीख ८ जून.

त्या दिवशी माझी दोनची बैठक ऐन वेळी रद्द झाली. मी खोलीचे दार उघडून बाहेर आलो तर घर रिकामे. वेळापत्रकानुसार धाकटा झोपलेला असायला हवा होता आणि थोरली चित्रे रंगवत. मागच्या जिन्याकडचे दार नुसते लोटलेले होते. मी धावत खाली गेलो. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर, जिथे रस्त्याकडे उघडणारी ती एकच मोठी खिडकी आहे, तिथे तुम्ही तिघे होता. फ्यूज तुमच्या खांद्यावर. थोरली आपल्या मोरीतली बादली उलटी करून तिच्यावर उभी. कपाळ काचेला टेकलेले, मुखपट्टी हनुवटीखाली, आणि एक हात त्या कठड्यावर, ज्याला साऱ्या इमारतीचे हात लागतात.

"आली का, आजोबा?"

"दम धर. सिग्नल अजून हिरवा आहे. लाल व्हायला हवा."

दोन वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाची बस आली आणि लाल दिव्यापाशी थांबली. आत बारा-पंधरा जणी होत्या. साऱ्यांचे कपडे निळे, साऱ्यांच्या टोप्या आणि मुखपट्ट्या एकसारख्या. मागच्या एका खिडकीत एकीने हात वर केला. "आई!" थोरली ओरडली. "दोनदा हलवला, म्हणजे रात्री नीट झोपली." धाकटा काचेवर थापा मारू लागला. चाळीस सेकंदांनी दिवा बदलला आणि बस निघून गेली.

हे रोज चालले होते. पाच आठवडे. माझी बैठक सुरू झाली की तुम्ही मुलांना घेऊन जिन्यात उतरत होता आणि अडीचच्या आत परत येत होता.

मी काय बोललो ते जसेच्या तसे लिहितो. सौम्य करून लिहिणे म्हणजे पुन्हा एकदा खोटे बोलणे होईल. मुलांसमोर मी म्हणालो, "लेकीच्या घरी पाच-पाच महिने फुकट जेवणाऱ्याने निदान घरमालकाचं ऐकावं. तुमच्या आजोबांना जेवढी लाज होती, तेवढी तरी ठेवा."

तुम्ही धाकट्याला खांद्यावरून उतरवलेत. बादली उचललीत. म्हणालात, "चला वकीलीणबाई, कोर्ट उठलं."

एवढेच.

त्यानंतर अकरा दिवस तुम्ही आमच्याबरोबर जेवायला बसला नाहीत. आमचे झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने जेवत होता. "आजोबा, बसत का नाही?" असे थोरलीने विचारले तर म्हणालात, "बसलं की गुडघा धरतो, बाळ." चहाही मागितला नाहीत. मग एके सकाळी कागद पुढे केलात: "जावईबापू, तो विमानाचा अर्ज तेवढा भरून द्या. तुमचं इंग्रजी चांगलं." प्रवासाचे कारण काय लिहू, असे मी विचारले. "लिहा, घरची ओढ." मी लिहिले. कागद फाडून टाकण्याची, निदान तो हरवण्याची, मला पूर्ण मुभा होती. मी तो तासाभरात, एकही खाडाखोड न करता, पाठवून दिला.

आता जे लिहितो ते मी स्वतःलाही फार उशिरा सांगितले आहे.

मी संसर्गाच्या भीतीने तसे बोललो, असे मी कित्येक महिने मानत आलो. भीती खरीच होती. रोजचे आकडे मी वाचत होतो. पण भ्यालेला माणूस कठडा पुसतो, मुलांचे हात धुतो आणि मग रागावतो. मी आधी रागावलो. कारण त्या बसमध्ये हात वर करणारी कोण, हे मला ओळखू आले नव्हते. एका ग्रॅमच्या लाखाव्या भागाचा फरक शोधणे हे ज्याचे काम, त्याला साठ पावलांवरची आपली बायको ओळखू आली नाही. दीड-दोन वर्षांच्या पोराला आली. दोन महिने मी तिला फोनच्या पडद्यावर पाहत होतो आणि त्यालाच भेट म्हणत होतो. तुम्ही मात्र वीज मंडळातल्या जुन्या सवयीने वायर कुठून येते, कुठे जाते हे पाहत जिन्यात हिंडलात आणि तिला शोधून काढलेत. आणि मला सांगितले नाहीत. मला तो हेवा सोसला नाही.

पुढचे खोटे माझे आहे. बसच्या वेळी मुले का दिसली नाहीत, असे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने तुम्हाला फोनवर विचारले. व्यवस्थापनाने जिना बंद केला, असे तुमच्याआधी मीच सांगितले. त्यानंतरचे खोटे मात्र तुमचे, आणि ते तुम्ही माझ्यासाठी बोललात. "करमत नाही पोरी. चार भिंतींत माणूस गंजतो," असे तुम्ही तिला फोनवर सांगितलेत तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाहीत. तिने त्यावर विश्वास ठेवला. ती स्वतः माणसे मरताना पाहत असताना, दोन लहानग्यांना मागे टाकून, आपला बाप करमत नाही म्हणून निघून गेला, हे ती मनात धरून बसली. मी ते पाहत होतो. मला ते सोयीचे होते.

तुम्ही गेल्यावर घर वेळापत्रकाप्रमाणे चालू लागले. आवाज राहिला नाही. विजेच्या पेटीतल्या प्रत्येक बटणाखाली तुम्ही चिकटपट्टी लावून आपल्या तिरक्या अक्षरात लिहून ठेवले आहे: 'बैठक', 'पोरं', 'मोरी', आणि सर्वांत खाली 'हे कशाचं ते देव जाणे'. ते काढून छापील पट्ट्या लावाव्यात म्हणून मी त्या करून घेतल्या. त्या अजून पाकिटात आहेत. धाकटा आता सव्वातीन वर्षांचा आहे आणि अजून उडतो. अशा वेळी माझ्या तोंडून जे नाव निघते ते मी लिहीत नाही, आपण ओळखालच. माझी बैठक आता तीनला असते. दोनच्या सुमारास मी पायी खाली उतरतो, व्यायाम म्हणून, आणि त्या खिडकीपाशी थांबतो. ती बस आता या रस्त्याने येत नाही. दिवा लाल होतो, चाळीस सेकंद राहतो, हिरवा होतो. मी तिथे कोणाची वाट पाहतो ते मला कळून चुकले आहे. मला माझे वडील फारसे आठवत नाहीत. कोणी मला "जावईबापू, डोकं गरम झालंय, जरा गार होऊ द्या" असे म्हणावे, ही माझी गरज होती हे मला चाळिशीत समजले.

गेल्या रविवारी आपला फोन आला. मी ओट्यापाशी मटार सोलत होतो. आपण म्हणालात, "विमानं सुरू झालीत म्हणे. थंडीत येऊन जाऊ का? पोरांना बघावंसं वाटतं." आणि ती म्हणाली, "कशाला, बाबा? तुम्हाला इथं करमत नाही. पुन्हा मधेच उठून जाल, पोरं रडतील, मी कुठंकुठं पुरी पडू?"

आपण हसून म्हणालात, "तेही खरंच."

तिने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "नाही म्हणताना जीभ जड झाली रे. पण एकदा हात सोडलेल्या माणसाचा हात कसा धरायचा?" मी मटार सोलत राहिलो.

बुधवारी मी तिला सगळे सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी तिने विचारले, "मग बाबा काय म्हणाले?" मी सांगितले: कोर्ट उठलं. तिला हसू फुटले, आणि ते हसू मधेच मोडले. मग तिने एकच टॉवेल तीनदा घडी केला आणि म्हणाली, "बसचं तुला सांगू नका असं मीच त्यांना म्हटलं होतं. तू धोक्याची टक्केवारी काढत बसला असतास. तेही त्यांनी तुला सांगितलं नाही ना?"

नाही. तेही सांगितले नाहीत. तुम्ही तिची बाजू माझ्यापासून झाकलीत आणि माझी तिच्यापासून.

काल मी आपल्याला फोन लावायला घेतला, तर तिने तो माझ्या हातून काढून घेतला. म्हणाली, "फोनवर नको. फोनवर बाबा काय वाटेल ते बोलतात. सतरा महिने मला 'करमत नाही' ऐकवलं. त्यांना लिहायला सांग." मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मला आपल्याशी नऊ वर्षांचे नाते असूनही ठाऊक नव्हती. वीज मंडळात असताना खांबावर चढण्याआधी आपण वहीत 'लाइन बंद' असे लिहून सही करत होता, आणि उतरून पुन्हा सही करेपर्यंत लाइन चालू करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. त्या वहीत कोणी खोटे लिहिले तर वर गेलेला माणूस गेलाच. "पस्तीस वर्षं ती वही लिहिली त्यांनी," ती म्हणाली. "कागदावर खोटं लिहायला बाबांचा हात चालत नाही."

म्हणून ही मागणी. हे पत्र तिने वाचले आहे आणि त्यात कुठेही खोडलेले नाही. आपले उत्तर कागदावर हवे. ते दोन ओळींचे असले तरी चालेल, पण 'झालं गेलं सोडा' ही ओळ उत्तर म्हणून मी स्वीकारणार नाही. माझा राग आला असेल तर तसे लिहावे. माझ्या घरी पुन्हा जेवायचे नाही असे ठरवले असेल तर तेही लिहावे. ते आपल्या लेकीला वाचू द्यावे, तिचा तो हक्क आहे आणि माझी ती शिक्षा. यायचे असेल तर तारीख लिहावी. तिकीट मी काढीन आणि अर्जात प्रवासाचे कारण काय लिहायचे ते या वेळी ती सांगेल. उत्तर हाती पडेपर्यंत आपला फोन मुले घेतील, त्यांच्याशी हवे तितके बोलावे. आम्ही दोघे फोनवर येणार नाही.

काहीही असो, खरे असावे, आपल्या अक्षरात असावे, आणि खाली आपली सही असावी. लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपला जावई